माथ्यावरची घटका

डोंगराच्या माथ्यावर कापडी छताचा एक लहानसा आडोसा उभा असतो. आत लाकडी फळ्यांचा उतरता पाट, पाटाच्या तोंडाशी वेळ मोजणारे यंत्र, आणि त्याच्यापुढे एकदम उतार. पाटावर एक तरुण सायकलवर बसलेला आहे. हनुवटीसकट सगळे तोंड झाकणारे हेल्मेट त्याने चढवले आहे, डोळ्यांवर गॉगल आहे, हातांत मोजे आहेत, गुडघ्यांवर जाड गाद्या बांधल्या आहेत. शेजारी त्याचा मेकॅनिक, हातात फडके किंवा छत्री घेऊन. मिनिटभराने यंत्र पिपाणीसारखे वाजू लागेल, आणि हा तरुण दगडधोंडे, झाडांची मुळे आणि चिखल यांनी भरलेली दोन-अडीच किलोमीटरची वाट तीन-चार मिनिटांत उतरून खालच्या गर्दीत जाऊन पोहोचेल. खाली पोहोचला की तो चित्रांत येतो, मुलाखतींत येतो. वाटेत आपटला तर जास्तच येतो. पण त्याआधीच्या मिनिटाचे काय? ते मिनिट कोणी नीट पकडले आहे काय, आणि पकडावयाचे तर कसे, एवढाच प्रश्न मी येथे हाती घेतला आहे.

ऐन दिवाळीत, चकलीचा डबा मांडीशी असताना, ही डोंगरावरची सायकल कोठून आली, असे वाचक विचारतील. त्यांनी आपल्याच घरातील चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला विचारावे. इंग्रजीत या खेळाला 'डाउनहिल' म्हणतात, हे तो आईबापांच्या आधी सांगेल. मलाही ही चित्रे एका विद्यार्थ्यानेच मोबाइलवर दाखवली. पहिल्या दिवशी मी ती मास्तराच्या नजरेने, म्हणजे नापसंतीने, पाहिली. दुसऱ्या दिवशी कादंबरी लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिली, आणि मग सुटका राहिली नाही. आम्हा लिहिणाऱ्यांना घडून गेलेल्या गोष्टीपेक्षा गोष्टीच्या उंबरठ्यावर ताटकळणारा माणूस नेहमीच अधिक खुणावतो.

खेळ काही जुना नाही. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही हौशी तरुणांनी १९७६ साली जुन्या, जाडजूड चाकांच्या सायकली डोंगरावर नेऊन उताराची शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. उतार संपेपर्यंत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि दर खेपेला हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नाव पडले 'रिपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. वाट अरुंद, सगळ्यांना एकदम सोडले तर पहिल्याच वळणावर हातपाय मोडावयाचे. तेव्हा एकेकाला ठराविक अंतराने सोडावे आणि घड्याळ लावावे, असे ठरले. पुढे १९९० साली कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. सायकली बदलल्या, ब्रेक बदलले, कंपन्या आल्या, पैसा आला. एकेकाने सुटण्याची रीत मात्र तीच राहिली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळे काही त्या रीतीत आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत आठ जण ओळीने वाकलेले असतात. भीती तेवढ्यांत वाटली जाते. येथे माणूस एकटा. त्याचे प्रतिस्पर्धी एकतर खाली उतरून गेले आहेत, नाहीतर पाठीमागे आपल्या पाळीची वाट पाहत आहेत. जागतिक चषकाच्या शर्यतीत तर आदल्या फेरीत जो सर्वांत वेगवान ठरला, त्याला सर्वांत शेवटी सोडतात. जो उत्तम, त्याच्याच वाट्याला सर्वांत लांब ताटकळणे! स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमची वाट सुमारे २.८ किलोमीटर लांब आहे आणि तेवढ्यात ती साडेपाचशे मीटर खाली उतरते. रोपवेने वर जावयाचे. वर ढग आणि बोचरा वारा, खाली हजारोंची गर्दी. तेथे सायकल रोलरवर चढवून जागच्या जागी पायडल मारीत अंग गरम ठेवावयाचे. वाट केव्हाच पाठ झालेली असते. पायी चालून, दगड न् दगड पाहून. आता शिकण्यासारखे काही उरलेले नाही, दुरुस्त करण्यासारखे काही उरलेले नाही. उरलेला असतो तो वेळ.

असा क्षण कलावंताने निवडावा, हे तत्त्व नवे नव्हे. लेसिंग या जर्मन टीकाकाराने १७६६ साली 'लाओकून' या ग्रंथात ते मांडून ठेवले आहे. चित्रकाराच्या हाती एकच क्षण असतो. तो त्याने कळसाचा निवडू नये, कारण कळसापलीकडे पाहणाऱ्याच्या कल्पनेला जावयास जागा उरत नाही. लेसिंगने दाखला दिला आहे तो तिमोमाखस या प्राचीन चित्रकाराचा. मीडिया आपल्याच मुलांना ठार मारते, ही ग्रीकांची प्रसिद्ध कथा. या चित्रकाराने हत्या रंगवली नाही. हत्येच्या किंचित आधीची मीडिया रंगवली, जिच्या मनात माया आणि सूड यांची अजून झुंज चाललेली आहे. आपल्याला तर इतके लांब जाण्याचेही कारण नाही. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिली, शंख वाजून चुकले, आणि अर्जुनाच्या हातून गांडीव गळू लागले. युद्ध चालले अठरा दिवस. पण मराठी माणसाच्या मनात घर करून बसली ती पहिला बाण सुटण्यापूर्वीची घटका. ज्ञानेश्वरांच्या नऊ हजार ओव्या तिच्याच पोटातून निघाल्या.

परंतु मीडियाला चेहरा होता आणि अर्जुनाला वाचा होती. आडोशातल्या तरुणाकडे, निदान पाहणाऱ्याच्या दृष्टीने, दोन्ही नाहीत. खरी अडचण ही आहे. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. हे एकेक घेऊन त्या हेल्मेटासमोर उभे राहून पाहावे. घाम आतल्या अस्तरात मुरतो. रोमांच बाह्यांखाली झाकलेले. स्वर कापरा होण्याचा प्रश्न नाही, कारण तो बोलतच नाही. चेहऱ्याचा रंग उडाला तरी कोणाला दिसणार? अश्रू असलेच तर गॉगलाआड. मूर्च्छा अशा वेळी येऊ नये, एवढीच त्याच्या आईची प्रार्थना असणार. शिल्लक राहतात दोनच भाव, थिजणे आणि कापणे. म्हणून या क्षणाचे चित्र घेणाऱ्याने चेहऱ्याचा नाद सोडून बोटांकडे, टाचांकडे, खांद्यांकडे वळले पाहिजे. ब्रेकवर एकच बोट ठेवावयाचे, अशी या खेळातली रीत. ते बोट विनाकारण दोन-तीनदा मिटते. पुढचे चाक दाबून पाहिले जाते. ते मघाशीच पाहिलेले असते. गॉगल किंचित वर, किंचित खाली. नीट जागेवर बसलेले पाऊल पायडलवरून उचलून पुन्हा तेथेच ठेवले जाते. यांतल्या एकाही कृतीचा शर्यतीला उपयोग नाही. पण त्या माणसाचे मन कोठे आहे हे सांगणारे दुसरे काही बाहेर येतच नाही.

माझ्या नित्याच्या पाहण्यातला याचा नमुना म्हणजे परीक्षेचा दिवस. घंटा होण्यापूर्वी पोरे काय करतात? अभ्यास झालेला मुलगा पेन उघडून मिटतो, पट्टी सरळ करतो, बाकावरचा नसलेला कचरा झटकतो. ज्याने काहीच केलेले नाही तो मात्र निवांत खिडकीबाहेर पाहत असतो. भीती ही तयारी झालेल्याची चैन आहे, असे मला अनेकदा वाटले आहे. तो सायकलवरचा तरुण कापतो, कारण प्रत्येक दगड त्याला ठाऊक आहे.

आपल्या साहित्यशास्त्राने येथे एक गोड पेच घालून ठेवला आहे. वीर आणि भयानक हे विरोधी रस. एकाच माणसाच्या ठायी दोन्ही आणू नयेत, असे मम्मट सांगतो. आणावयाचेच झाले तर उत्साह नायकात ठेवावा आणि भय त्याच्या शत्रूत. राजाच्या सभेत वाचावयाच्या काव्याला हे शोभते. पण पाटावर बसलेल्या या तरुणाचा शत्रू कोण? दगड तर भीत नाहीत. उत्साह आणि भय ही दोन्ही एकाच हातमोज्यात बसलेली असतात आणि मम्मटाचा नियम तेथे चालत नाही. चालतो तो आजच्या जाहिरातींत!

या शर्यतींच्या आगेमागे ज्या लहान चित्रफिती दाखवल्या जातात त्या वाचकांनी मुद्दाम पाहाव्यात. ढोल वाजतात. संथ गतीने हेल्मेट चढते, संथ गतीने मूठ आवळते, धुके बाजूला होते, आणि गॉगलच्या काचेत डोंगराचे प्रतिबिंब चमकते. मधूनच मागच्या वर्षीचा एखादा भयंकर अपघात झर्रकन दाखवून घेतात, म्हणजे धोका किती ते आपल्याला कळावे. दिसावयास हे सारे देखणे आहे. छायालेखकांचे कसब वादातीत आहे. पण यात त्या तरुणाचा वेळ कोठे आहे? त्याला ढोल ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतो आपला श्वास, आणि तो हेल्मेटात कोंडल्यामुळे मोठा ऐकू येतो. संथ गतीने तर उलटाच परिणाम होतो. चळवळणारे बोट संथ केले की ते निश्चयी वाटू लागते. कंप नाहीसा होतो आणि उरतो तो पुतळा. जे भय होते ते रुबाब म्हणून विकले जाते.

माझे भांडण येथे आहे. ही चित्रे पाहणारी मुले बहुतेक घाटातल्या रस्त्यावरही कधी सायकल घालणार नाहीत, त्याची मला चिंता नाही. पण शूर माणसाला भीती वाटत नाही, हे ती या चित्रांतून शिकतात. मग वक्तृत्वाच्या दिवशी, परीक्षेच्या दिवशी, इस्पितळात आजोबांच्या खाटेशी उभे राहावयाच्या दिवशी पोटात गोळा आला की मुलाला वाटते, आपणच तेवढे नामर्द. ज्याला तो आपला नायक मानतो त्याचेही बोट ब्रेकवर कापत होते, हे त्याच्यापासून कोणी लपवले? मुलाला 'घाबरू नकोस' असे सांगण्याऐवजी ते कापणारे बोट नुसते दाखवले असते तरी पुष्कळ होते.

हे दाखवता येते, याचा पुरावा साठ वर्षांपूर्वीचा आहे. कोन इचिकावा या जपानी दिग्दर्शकाने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकवर अनुबोधपट घेतला. तो १९६५ साली पडद्यावर आला. या अनुबोधपटात कोण जिंकले, किती वेळात जिंकले याची दिग्दर्शकाला फारशी घाई नाही. शंभर मीटरच्या धावण्यापूर्वी तो धावपटूंच्या अगदी जवळ जातो आणि तेथे रेंगाळतो. पायाचे ठोकळे ठोकून बसवण्याची खटपट, कोरडे ओठ, कोठेही न पाहणारे डोळे. गर्दीचा आवाज जणू कोणी दार लावून बाहेर ठेवला आहे. एक गोळाफेकपटू तर हातातला गोळा असा काही कुरवाळतो, इकडून तिकडे घेतो, पुन्हा कुरवाळतो, की आधी आपल्याला हसू येते आणि मग हसल्याची लाज वाटते. इकुको योदा नावाची जपानची अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू होती. धावण्यापूर्वी आपली पट्टी झाडूने झाडणे, लिंबू चोखणे, कोलांटउडी मारणे, असे तिचे ठरलेले सोपस्कार होते. अंतिम शर्यतीत ती पाचवी आली. विजेत्यांच्या यादीत अशा मुलीला जागा नसते. इचिकावाने तिला आपल्या पटात जागा दिली.

त्या वेळी जपानात यावर मोठा गदारोळ झाला. ऑलिंपिकची जबाबदारी असलेल्या कोनो नावाच्या मंत्र्यांनी नाराजी व्यक्त केली. ही नोंद की कला, असा वाद वर्तमानपत्रांतून रंगला. मला विचाराल तर त्या लिंबाइतकी पक्की नोंद साऱ्या पटात दुसरी नाही. सेकंद आणि सेंटिमीटर हिशेबनिसांच्या वहीत कसेही राहिलेच असते. लिंबू राहिले नसते.

ललित चित्रपटांत या बाबतीत मी 'डाउनहिल रेसर' या १९६९ च्या चित्रपटाला मान देतो. तो बर्फावरच्या घसरशर्यतीचा, स्कीइंगचा आहे; पण सायकलच्या शर्यतीचे ते थोरले भावंडच म्हणावे. तोच डोंगर, तोच एकेकाने सुटण्याचा नियम, तेच घड्याळ. मायकेल रिची यांचे दिग्दर्शन, जेम्स सॉल्टर या कादंबरीकाराची पटकथा, आणि रॉबर्ट रेडफर्डचा अबोल, थोडा दुष्टच म्हणावा असा नायक. सॉल्टर कादंबरीकार होता म्हणूनच की काय, नायकाच्या तोंडी त्याने भीतीविषयी भाषण घातलेले नाही. शेवटी नायक जिंकतो, सगळे त्याच्याभोवती जमतात, आणि तेवढ्यात वरून सुटलेला एक अनोळखी तरुण अर्ध्या वाटेवर त्याच्यापेक्षा वेगात असल्याचे कळते. तो तरुण पडतो, म्हणून विजय टिकतो. पण मधल्या काही क्षणांत नायकाच्या चेहऱ्यावर जे दिसते ते आधीच्या साऱ्या शर्यतींत दिसले नव्हते. आपले उतरणे संपले. आता भीती दुसऱ्याच्या उतरण्याची. सायकलच्या शर्यतीतही खाली आघाडीवर असलेल्याला एका खुर्चीवर बसवून ठेवतात आणि उरलेले येईपर्यंत त्याच्यावर कॅमेरा रोखतात. तेथे त्याचे हेल्मेट काढलेले असते, त्यामुळे कॅमेऱ्याचे काम सोपे होते. सोप्या कामाला प्रक्षेपणवाले फार वेळ देतात, ही माझी तक्रार.

थेट प्रक्षेपणाबद्दल मात्र एक चांगला शब्द लिहिला पाहिजे. २०२२ पर्यंत जागतिक चषकाच्या शर्यती रेड बुल टीव्हीवर फुकट दिसत. २०२३ पासून प्रक्षेपण दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेले. दोन्हीकडे माथ्यावर एक कॅमेरा असतोच. तो बहुधा सुटण्यापूर्वी पाच-सात सेकंद दाखवतो. त्यातही नाव, देश आणि आकड्यांची पट्टी खालून चढलेली असते आणि समालोचक बोलत असतात. पण थेट असल्यामुळे त्याला कात्री लावता येत नाही, आणि कधी कधी नशिबाने खरा क्षण हाती लागतो. पुढचा स्पर्धक वाटेत कोठेतरी वाईट पडतो. वाट बंद होते. माथ्यावर पाटाच्या तोंडाशी आलेल्या तरुणाला हात आडवा करून थांबवतात. कोण पडले, किती लागले, हे त्याला कदाचित कोणी सांगतही नसेल. त्याने गॉगल वर केला की समजावे, थांबणे लांबणार. खोल गेलेला श्वास पुन्हा वर काढावयाचा, गरम झालेले अंग पुन्हा राखावयाचे, आणि ज्या वळणावर कोणीतरी पडून आहे त्याच वळणाची मनात उजळणी करावयाची. हे सगळे त्या एका गॉगल वर करण्यात असते. पण प्रक्षेपण चालवणाऱ्याला ओसाड वेळ सोसत नाही! तो ताबडतोब मागल्या उड्यांची पुनरावृत्ती दाखवू लागतो.

रॉब वॉर्नर या समालोचकाचे नाव या खेळाच्या शौकिनांत फार मोठे. तो स्वतः स्पर्धक होता. १९९६ साली काप्रुन येथे त्याने जागतिक चषकाची शर्यत जिंकली होती. २०११ साली स्वित्झर्लंडमधील शाम्पेरी येथे मुसळधार पावसात डॅनी हार्ट हा विशी न गाठलेला इंग्रज मुलगा असा काही उतरला की दुसऱ्या क्रमांकाला त्याने अकरा सेकंदांहून अधिक मागे टाकले. वॉर्नरचे त्या वेळचे ओरडणे आजही पोरे नकला करून दाखवतात. ओरडण्याचे त्याला श्रेय आहेच. पण मला वाटते, जो स्वतः त्या पाटावर बसलेला आहे त्याने पाटावरच्या मिनिटाला गप्प राहून दाखवावे. ते ऐकावयास मी अर्धी रात्र जागेन.

आता चित्र घेणाऱ्याच्या हातात नसलेल्या एका गोष्टीविषयी. २००९ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. माथ्यावर इंग्लंडचा स्टीव्ह पीट होता, वय पस्तीस. नुसते एवढे सांगितले तर ते इतरांसारखेच एक हेल्मेट. पण हा माणूस या स्पर्धेत चार वेळा दुसरा आलेला होता: २०००, २००१, २००२ आणि २००८. मध्ये २००४ साली फ्रान्समधील ले जे येथे विजय डोळ्यांसमोर आला असताना तो अखेरच्या टप्प्यात आपटला. हे ठाऊक असलेल्या माणसाने कॅनबेराच्या माथ्यावरची ती स्थिर पाठ पाहावी. तिच्यात नऊ वर्षे बसलेली दिसतील. पीट त्या दिवशी जिंकला, दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारपेक्षा पाच शतांश सेकंदाने. मुद्दा असा की, सुटण्यापूर्वीच्या घटकेतला ताण त्या घटकेत तयार होत नाही. तो आधी, सावकाश, इतरत्र साठवून ठेवावा लागतो. हे काम कॅमेऱ्याचे थोडे आणि गोष्ट सांगणाऱ्याचे अधिक. पीटच्या आयुष्यावर २०१४ साली 'वोन्ट बॅक डाउन' हा अनुबोधपट निघाला, तो याच जाणिवेने निघाला असावा. त्याच्याही आधी, २०११ साली, क्ले पोर्टर या दिग्दर्शकाने आपल्या एका पटाला 'थ्री मिनिट गॅप्स', म्हणजे तीन मिनिटांची अंतरे, असे नाव दिले. उड्यांवर किंवा वेगावर नाव न ठेवता मधल्या रिकाम्या वेळावर ठेवावे, हे मला एखाद्या चांगल्या कथासंग्रहाच्या नावासारखे वाटले.

उलट टोकाचे उदाहरण आरन ग्विन या अमेरिकन स्पर्धकाचे. ऑस्ट्रियातील लिओगांग येथे २०१४ साली त्याचा टायर वाटेत फुटला होता. पुढच्या वर्षी तो त्याच पाटावर परत आला, पिपाणी वाजली, त्याने जोर करून पहिली पायडले मारली आणि चेन तुटली. पुढची सगळी वाट त्याने एकदाही पायडल न मारता, केवळ उताराच्या आणि वळणांच्या जोरावर काढली, आणि तो जिंकला! जगभर तो उतार लाखोंनी पाहिला असेल. मी मात्र सुटण्यापूर्वीचे सेकंद पुन्हा पुन्हा पाहिले. कोणत्याही आडोशात होणाऱ्या त्या सगळ्या तपासण्या आठवाव्यात. ब्रेक दाबून कळतो, चाक दाबून कळते, गॉगल हात लावून कळतो. चेन दाबून कळत नाही. ती निरुपयोगी बोटे ज्याच्याशी खेळत होती ते अनिश्चित दैव पाटाच्या पुढे दोन हातांवर बसले होते, आणि चित्रात त्याचा मागमूसही नाही. एखाद्या नाटककाराने असे लिहिले असते तर आम्ही टीकाकारांनी त्याला योगायोगाचा दोष दिला असता.

शेवटी 'चॅरियट्स ऑफ फायर' विषयी. ह्यू हडसन यांचा हा १९८१ चा चित्रपट १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा. समुद्रकाठचे धावणे आणि त्याचे संगीत सर्वांना ठाऊक आहे. मला ते थोडे गोडच लागते. माझ्या लक्षात राहिली ती खुरपी. त्या काळी सुटण्यासाठी ठोकळे नसत, धावपटू खुरपीने जमीन उकरून पाय रोवण्यापुरते खळगे करीत. अब्राहम्स आपले खळगे खणतो ते पाहावे. शेतकऱ्याइतक्या शांतपणे चाललेले ते खणणे पाहताना आपलाच घसा कोरडा पडतो. आणि त्याहून मोठी जागा पुढे आहे. त्याचा शिक्षक मसाबिनी धंदेवाईक म्हणून त्याला मैदानात प्रवेश नाही. तो मैदानाजवळच्या एका खोलीत एकटा बसलेला आहे. शर्यत त्याला दिसत नाही. बराच वेळ त्याला काही कळत नाही. मग खिडकीतून कोणता ध्वज वर चढतो ते दिसते, राष्ट्रगीत ऐकू येते, आणि हा वयस्क माणूस आपल्या गवती टोपीत ठोसा मारतो.

सायकलच्या शर्यतीत मसाबिनीची जागा मेकॅनिकची आहे, आणि ती अजून कोणी पाहिलेली दिसत नाही. तरुण सुटतो, त्याबरोबर कॅमेराही सुटतो. पहिले वळण, पहिली उडी, झाडी. आडोशात मागे तो उरतो. त्याच्या हातात त्या तरुणाने काढून दिलेला कोट आहे, खांद्यावर फडके आहे. चाक त्याने बसवले, ब्रेक त्याने जुळवले, चेनही त्यानेच चढवली. झाडीपलीकडचे त्याला काही दिसत नाही. खालच्या लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्यावर आला तर येतो, नाही तर नाही. तीन-चार मिनिटे त्याला तेथे काढावयाची आहेत. तेवढ्यात पाटावर पुढचा स्पर्धक येऊन उभा राहतो, आणि त्याला जागा करून देण्यासाठी तो कोट छातीशी धरून बाजूला सरकतो.